सातवा जॉर्ज

मित्रहो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख कोण्या राजाचा नाही. इंग्लंडच्या गादीवर आतापर्यंत जॉर्ज नावाचे सहाच राजे होऊन गेले. सातवा जॉर्ज ही एक मोटरसायकल होती! व्ही आकाराचं दोन सिलिंडरचं इंजिन, ९९८ सीसी, चकचकीत टाकी आणि नंबर जीडब्ल्यू २२७५. तिच्या मालकाने आधीच्या सहा गाड्यांनाही जॉर्ज पहिला, जॉर्ज दुसरा अशीच नावं दिली होती. आठव्या गाडीची ऑर्डरही देऊन झाली होती, पण ती घ्यायला तो राहिला नाही.

त्या मालकाचं नाव थॉमस एडवर्ड लॉरेन्स. लॉरेन्स ऑफ अरेबिया हा १९६२ चा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना पांढऱ्या अरबी वेशात उंटावर बसलेला उंचपुरा नट आठवेल. खरा लॉरेन्स मात्र जेमतेम साडेपाच फूट उंचीचा होता. आणि त्या सिनेमाची सुरुवात उंटाने होत नाही, मोटरसायकलने होते, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिलं?

आमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये भिंतीवर दोन चित्रं आहेत. पार्टनरच्या बाजूला हार्ले डेव्हिडसन, माझ्या बाजूला ब्रफ सुपीरियर. त्याच्या चित्राला सगळे ओळखतात. माझ्या चित्राकडे पाहून मात्र, ही कोणती जुनी राजदूत बाप्पा, असं एकाने विचारलंच. त्या दिवशीच ठरवलं की यंदाच्या अंकात हिच्यावर आणि हिच्या मालकावर लिहायचं. पण खरं कारण तेवढंच नाही. ते शेवटी सांगतो.

मी दर्यापूरचा. खारपाणपट्ट्यातलं गाव, कापूस, तूर, हरभरा आणि चंद्रभागेचा काठ. आमच्या बनोसा स्टेशनवरून शकुंतला जायची. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या लाइनवर डबे ओढत होतं. आमचे आजोबा त्या इंजिनाच्या आवाजावरून वेळ सांगत. आता गाडीही बंद आहे आणि आजोबाही नाहीत, पण यंत्राच्या आवाजावर जीव टाकायची सवय आमच्या घरात तिथूनच आली असावी. वाफेचं इंजिन गेलं आणि त्या जागी बुलेटचा आवाज आला. कापसाचे चुकारे हाती पडले की आमच्याकडे कोणी शेतात बोअर करतो, कोणी पोरीचं लग्न काढतो आणि एखादा पोट्टा बापाच्या मागे लागून बुलेट घेतो.

माझा मावसभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, तो यातलाच. २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डने पेगासस नावाची लिमिटेड एडिशन काढली. साऱ्या जगासाठी १००० गाड्या, त्यातल्या २५० भारतासाठी, आणि प्रत्येक गाडीच्या टाकीवर तिचा स्वतःचा क्रमांक. दादा त्या दिवशी मोबाईल घेऊन बसला होता. खिशात तेवढे पैसे नव्हते, तरी बसला होता! भारतातल्या २५० गाड्या १७८ सेकंदांत विकल्या गेल्या. मग त्याने काय करावं? एक सेकंडहँड बुलेट घेतली आणि आमच्याइथल्या पेंटरकडून टाकीवर सुबक अक्षरात लिहून घेतलं : १/१. एकापैकी एक. साऱ्या गावाने टिंगल केली. मला मात्र ते फार आवडलं होतं.

लिमिटेड एडिशनची ओढ म्हणजे नेमकं काय, हे मला त्या १/१ वरून कळलं. इंजिन तेच असतं, चाकं तीच असतात. माणसाला फक्त एवढंच हवं असतं की माझ्यासारखी दुसरी कोणाजवळ नाही. महाराष्ट्रातल्या कायनेटिक कंपनीने कोरियाच्या ह्योसंगची ॲक्विला ही २५० सीसीची क्रूझर मोजक्या संख्येने आणली होती तेव्हा, आणि पुढे हार्ले भारतात आली तेव्हाही लोक याच ओढीने शोरूमच्या काचेला नाक लावून उभे राहिले. आणि या ओढीचं मूळ शोधत गेलं की आपण नॉटिंगहॅमच्या एका वर्कशॉपपर्यंत पोचतो.

जॉर्ज ब्रफचा जन्म १८९० चा. वडील विल्यम ब्रफ हेसुद्धा मोटरसायकली बनवत आणि विकत. मुलाचं म्हणणं होतं की आपण याहून भारी गाडी बनवावी. वडिलांना ते पटेना. शेवटी १९१९ मध्ये जॉर्जने नॉटिंगहॅमलाच वेगळी चूल मांडली आणि गाडीला नाव दिलं ब्रफ सुपीरियर, म्हणजे वरच्या दर्जाची ब्रफ! आता बापाची ती साधी ब्रफ आणि लेकाची वरच्या दर्जाची, असा अर्थ निघाल्यावर वडिलांना काय वाटलं असेल ते आपण समजू शकतो.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, जॉर्ज ब्रफ बहुतेक भाग स्वतः बनवतच नव्हता. इंजिन जे.ए.पी. कंपनीचं, नंतरच्या काळात मॅचलेसचं. गिअरबॉक्स स्टर्मी आर्चरची. तो बाजारातला उत्तमातला उत्तम भाग निवडायचा, गाडी जोडायचा, पुन्हा सगळी खोलून रंग आणि निकेल चढवायचा आणि पुन्हा जोडायचा. एस.एस. १०० हे मॉडेल १९२४ मध्ये आलं. यातल्या १०० चा अर्थ ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर. गाडीने तेवढा वेग गाठून दाखवलेला आहे असं लेखी प्रमाणपत्र सोबत मिळायचं. आपल्याकडे त्या काळात खेड्यापाड्यात सायकलसुद्धा नवलाईची होती! गिऱ्हाइकाची उंची, बसण्याची ढब पाहून सीट आणि हँडल बसवलं जायचं. किंमत साधारण १७० पौंड, म्हणजे तिथल्या सामान्य कामगाराच्या वर्षभराच्या मजुरीहूनही जास्त. एका मोटरसायकल साप्ताहिकाने तिला मोटरसायकलींमधली रोल्स रॉइस म्हटलं आणि ते बिरूद तिला कायमचं चिकटलं.

१९१९ ते १९४० या एकवीस वर्षांत सगळी मॉडेलं मिळून जेमतेम तीन हजारांवर गाड्या बनल्या. आज एखाद्या मोठ्या कारखान्यातून तेवढ्या एका दिवसात बाहेर पडतात. म्हणजे ब्रफच्या गाड्या लिमिटेड होत्या त्या कोणी आकडा ठरवला म्हणून नव्हे, तर तेवढ्याच मनासारख्या बनवता येत होत्या म्हणून. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. दुसरं महायुद्ध आलं आणि हाच कारखाना रोल्स रॉइसच्या मर्लिन या विमान इंजिनाचे क्रँकशाफ्ट बनवू लागला. युद्ध संपलं, पण मोटरसायकली पुन्हा सुरू झाल्या नाहीत. जॉर्ज ब्रफ १९७० मध्ये गेला.

तिच्या आवाजाबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण क्रूझरचं अर्धं वेड आवाजाचं असतं. दोन सिलिंडर ५० अंशांच्या कोनात आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. फोर स्ट्रोकचं एक चक्र ७२० अंशांचं. कोन ५० अंशांचा असल्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं, एकदा ३१० अंश आणि एकदा ४१० अंश. हार्लेचा कोन ४५ चा, म्हणून तिथे ३१५ आणि ४०५. धड-धड... धड-धड... असा जो अडखळत आवाज येतो तो या असमान अंतराचा. ज्याला आपण रुबाब म्हणतो तो खरं तर टायमिंगमधला लंगडेपणा आहे! थिअरी ऑफ मशिन्सच्या सरांनी हे एवढ्या सोप्या भाषेत सांगितलं असतं तर माझी एक एटीकेटी वाचली असती.

आता लॉरेन्सकडे वळू.

त्याचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉगचा. वडील आयर्लंडमधले जमीनदार सर थॉमस चॅपमन. पहिली बायको आणि मुली सोडून ते घरात मुलांना सांभाळणाऱ्या सारा नावाच्या बाईसोबत निघून आले आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव घेतलं. म्हणजे हा मुलगा ज्या नावाने जगप्रसिद्ध झाला ते नावच मुळात उसनं होतं. पाच भावांतला तो दुसरा. १८९६ मध्ये कुटुंब ऑक्सफर्डला आलं. मुलाला जुन्या किल्ल्यांचं वेड. १९०८ च्या उन्हाळ्यात त्याने सायकलवर फ्रान्स पालथा घातला, दोन हजार मैलांहून जास्त. पुढच्या वर्षी सीरियात पायी फिरला, सुमारे १००० मैल. इंजिन हाती यायच्या आधी हा माणूस पायाने एवढा फिरला होता.

१९११ पासून तो कार्केमिश इथे उत्खननावर होता. तिथे अरबी शिकला, मजुरांत मिसळला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि तो कैरोला गुप्तवार्ता विभागात गेला. १९१५ मध्ये त्याचे दोन भाऊ लढाईत मारले गेले. १९१६ च्या जूनमध्ये अरबांनी तुर्की सत्तेविरुद्ध बंड पुकारलं आणि ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स तिथे पोचला. अमीर फैसलच्या सोबत राहून त्याने हेजाझ रेल्वेचे रूळ आणि पूल सुरुंगाने उडवले. ६ जुलै १९१७ ला वाळवंटाच्या बाजूने येऊन अकाबा बंदर घेतलं गेलं. १ ऑक्टोबर १९१८ ला दमास्कस पडलं. वाळवंटात त्याच्याजवळ रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारी होत्या, आणि भरवशाचं यंत्र काय चीज असते हे तो तिथे शिकला.

पण या विजयाच्या पोटात काटा होता. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवून लढायला लावलं, आणि तिकडे १९१६ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्सने साइक्स-पिको करार करून तो मुलूख आपसात वाटून घेतला होता. लॉरेन्सला हे युद्ध चालू असतानाच कळलं होतं. तरी तो लढत राहिला आणि अरबांना पुढे नेत राहिला. १९१८ मध्ये राजा पाचव्या जॉर्जने बोलावून मानसन्मान देऊ केला तेव्हा त्याने तो राजासमोरच नाकारला. इंग्रजांचा हा नायक, पण आपण ज्या देशात जन्मलो त्या देशाच्या नजरेने पाहिलं तर त्याच्या गोष्टीत साम्राज्याची लबाडी आहेच. मला त्याचं मोठेपण एवढंच वाटतं, की त्या लबाडीत आपला वाटा आहे हे तो विसरला नाही.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये कर्नल हुद्द्यावर राहिलेला हा माणूस जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांना सुगावा लागला आणि १९२३ च्या जानेवारीत त्याला काढून टाकलं. मग तो शॉ या नावाने रणगाडा दलात गेला, १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात. १९२७ मध्ये कायदेशीररीत्या शॉ झाला. एका जन्मात तीन नावं! आणि ब्रफ सुपीरियर याच काळात त्याच्या आयुष्यात आली. शिपायाचा रोजचा पगार काही शिलिंग आणि बुडाखाली देशातली सर्वांत महागडी मोटरसायकल. सुट्टी मिळाली की तो शंभर-दोनशे मैल सुटायचा. १९२६ मध्ये त्याने जॉर्ज ब्रफला कळवलं की १९२२ पासून पाच ब्रफवर मिळून आपले १ लाख मैल पूर्ण झाले. म्हणजे १ लाख ६० हजार किलोमीटर, अन् तेही त्या काळच्या रस्त्यांवर. गाडी चालवण्याबद्दल त्याने द मिंट या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्यात तो एका विमानाशी रस्त्यावरून शर्यत लावतो. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये बाहेर आलं.

लिमिटेड एडिशनशी त्याचा आणखी एक संबंध आहे. युद्धाच्या आठवणींचं त्याचं मोठं पुस्तक, सेव्हन पिलर्स ऑफ विझडम. १९१९ मध्ये रेडिंग स्टेशनवर गाडी बदलताना त्याचं जवळजवळ सगळं हस्तलिखित हरवलं. आपली एक फाइल सबमिशनच्या आदल्या दिवशी उडाली तर आपण रडतो. त्याने ते सगळं पुन्हा लिहून काढलं! १९२६ मध्ये फक्त वर्गणीदारांसाठी त्याच्या सुमारे २०० प्रती काढल्या. उत्तम कागद, चित्रकारांकडून काढून घेतलेली रंगीत चित्रं, वेगवेगळी बांधणी. किंमत ३० गिनी, आणि खर्च त्याच्या कितीतरी पट. तो कर्जात बुडाला. ते फेडायला त्याची छोटी आवृत्ती १९२७ मध्ये काढली, ती धडाधड खपली. कर्ज फिटल्यावर उरलेला पैसा त्याने हवाई दलाच्या मदत निधीला देऊन टाकला. म्हणजे जी वस्तू मनासारखी करायची तिच्यात तोटा सोसायचा, हे त्याचं आणि ब्रफचं जमलं याचं कारण मला इथे दिसतं.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना. १९२७ च्या जानेवारीत लॉरेन्स कराचीला आला. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. ड्रिग रोडच्या डेपोत, जिथे विमानांची इंजिनं दुरुस्त होत, तिथे तो कारकुनी करत होता. १९२८ मध्ये त्याला वायव्य सरहद्दीवर मीरानशाहला पाठवलं. तिथे बसून तो होमरच्या ओडिसीचं भाषांतर करत होता. पण अफगाणिस्तानात बंडाळी झाली आणि वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की लॉरेन्सच वेश पालटून तिथे कारस्थानं करतो आहे. सरकारने घाईने त्याला परत बोलावलं आणि १२ जानेवारी १९२९ ला तो मुंबई बंदरातून राजपुताना या जहाजाने इंग्लंडला निघाला. भारतात असताना त्याच्याजवळ ब्रफ नव्हती. परत गेल्यावर मित्रमंडळींनी नवी ब्रफ भेट दिली. नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या पत्नी शार्लट यांचा त्यात पुढाकार होता.

यानंतरचा त्याच्या आयुष्याचा भाग सिनेमात नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. १९३१ च्या फेब्रुवारीत प्लिमथजवळ त्याच्या डोळ्यांसमोर एक समुद्री विमान पाण्यात कोसळलं. तो मदतीला धावला. १२ जणांपैकी ९ जण गेले. हवाई दलाच्या बचाव नौका फार मंद होत्या, त्यामुळे माणसं हाती लागेपर्यंत उशीर व्हायचा. लॉरेन्सने वेगवान बोटींचा ध्यास घेतला. ब्रिटिश पॉवर बोट कंपनीच्या स्कॉट-पेनसोबत हाइथला राहून त्याने २०० क्लासच्या बोटींच्या चाचण्या घेतल्या, इंजिनं खोलली-जोडली, आणि त्या कशा चालवायच्या, कशा सांभाळायच्या याची पुस्तिकाही लिहिली. पोटाशी बोटी पाणी कापत न जाता पाण्यावरून सरकतात, म्हणून वेग वाढतो. त्याच घराण्यातल्या बोटींनी पुढे महायुद्धात कितीतरी वैमानिकांना समुद्रातून उचललं. मोटरसायकलवर जो वेग तो स्वतःसाठी शोधत होता, तोच इथे दुसऱ्याचा जीव वाचवायला कामी आला.

२६ फेब्रुवारी १९३५ ला तो हवाई दलातून निवृत्त झाला आणि डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या छोट्या घरात राहायला गेला. पगार संपला होता. १३ मे १९३५ ला सातव्या जॉर्जवर बसून तो जवळच्या बोव्हिंग्टन छावणीत तार करायला गेला. अंतर फार नाही, आपल्याइथे दर्यापूरहून शेतात जाऊन यावं तेवढंच. परत येताना रस्त्यात एक खोलगट उतार होता. त्या उतारात सायकलवरची दोन मुलं होती. ती त्याला दिसली तोपर्यंत उशीर झाला होता. मुलांना वाचवायला त्याने गाडी वळवली, एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. डोक्यावर काही नव्हतं. चौकशीत एका सैनिकाने सांगितलं की वेग ताशी ५०-६० मैल असावा आणि समोरून एक काळी मोटार गेली होती. मुलांनी मोटार पाहिलीच नव्हती. त्या काळ्या मोटारीवरून आजही तर्ककुतर्क चालतात. मला त्यात रस नाही. मला तो उतार महत्त्वाचा वाटतो.

सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे ला गेला. वय ४६. मोरेटनच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तिथे विन्स्टन चर्चिलसुद्धा हजर होते.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच्यावर उपचार करायला आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा ३८ वर्षांचा मेंदूचा सर्जन होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो लॉरेन्सला वाचवू शकला नाही, पण विषय त्याच्या डोक्यातून गेला नाही. १९४१ मध्ये त्याने शोधनिबंध छापला. महायुद्धाआधीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १८८४ मोटरसायकलस्वार मेले होते आणि युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २२७९. बहुतेकांच्या मृत्यूला डोक्याचा मार कारण होता. हेल्मेट घातलेले असे त्याला फक्त सात जखमी सापडले, आणि ते सातही जण जगले. १९४१ च्या नोव्हेंबरपासून ब्रिटिश सैन्याने निरोप्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. होलबर्न नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने जिलेटिनचा मेंदू बनवून मार कसा पसरतो हे तपासलं. केर्न्स १९५२ मध्ये गेला. ब्रिटनमध्ये सर्वांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ मध्ये.

आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा हिशेब करून पाहू. दीड मीटर उंचीवरून डोकं रस्त्यावर आदळलं आणि ३ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर मंदन येतं गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट. तेच हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलमध्ये दबत ३ सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर ५० पट. उंची भागिले थांबण्याचं अंतर, एवढं सोपं गणित. हेल्मेट म्हणजे जादू नाही, डोक्याला थांबायला मिळालेले जास्तीचे २७ मिलिमीटर!

आता ते शेवटचं कारण. अमरावतीहून वलगाव, खोलापूर करत आमच्या दर्यापूरला येणारा रस्ता काळ्या मातीतून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खाली जमीन श्वास घेत राहते. म्हणून आमच्याकडचे रस्ते लाटांसारखे होतात, दुरून सपाट दिसतात आणि जवळ गेलं की खोलगट निघतात. मे महिना होता. दादा अमरावतीहून परत येत होता. डोक्याला उन्हासाठी दुपट्टा बांधलेला, आणि हेल्मेट हँडलला लटकवलेलं. अशाच एका खोलगट भागात शेळ्यांचा कळप होता. त्याने शेळ्या वाचवल्या.

तो जगला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. दुपारी जेवला की नाही हे त्याला संध्याकाळी आठवत नाही. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. हेल्मेटला एक ओरखडाही आला नव्हता. मावशीने ते अजून खुंटीला ठेवलं आहे. केर्न्सचा निबंध वाचताना मला त्या खुंटीची आठवण येत होती. आपल्याकडे हेल्मेटचा कायदा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यापासून आहे. तरी २०२२ या एका वर्षात भारतात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण दुचाकीवर मेले. दादा त्या आकड्यात नाही, कारण तो मेला नाही. त्याच्यासारख्यांना कोणत्या रकान्यात मोजतात?

मागच्या दिवाळीत मावशी म्हणाली की बुलेट पडून सडते आहे, तू घेऊन जा बापा, तुला आवडते ना. माझी आई नको म्हणाली. घरात दोन दिवस अबोला होता. मी खोटं बोलणार नाही, मला ती गाडी हवी आहे. ब्रफ सुपीरियर आता फ्रान्समध्ये पुन्हा बनते. तिथे लॉरेन्सच्या नावाने एक लिमिटेड एडिशन निघाली, त्याच्या १८८८ या जन्मवर्षाची आठवण म्हणून फक्त १८८ गाड्या. ती मला या जन्मात मिळायची नाही, पण चित्र भिंतीवर लावायला कोण अडवतो? भारी गाडीची ओढ वाईट असते असं मला लॉरेन्स वाचूनही वाटलं नाही. उलट, ज्याला यंत्र समजतं त्याचाच यंत्रावर जीव जडतो. फक्त त्या सातव्या जॉर्जच्या वेळी कोणाला ठाऊक नव्हतं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून ते आपण हँडलला लटकवतो.

मी आईला शब्द दिला आणि गाडी आणली. आधी दोन हेल्मेट घेतली, एक माझं आणि एक मागच्याचं. गाडी सुरू केली तेव्हा दादा ओट्यावर बसला होता. माझं नाव त्याला त्या दिवशी आठवलं नाही, पण आवाज ऐकून तो उठून जवळ आला. टाकीवरच्या त्या १/१ वर त्याने बोट फिरवलं आणि हे कोणी लिहिलं म्हणून मला विचारलं. मी सांगितलं, तूच लिहून घेतलं होतं. तो हसला.

मित्रहो, टाकीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण गेटबाहेर पडताना हेल्मेट डोक्यावर घाला, एवढी या लेखकाची विनंती.